डिजिटल फळ्यावर पहिली ते तिसरीचं गणित: काड्यांपासून वहीपर्यंतचा क्रम

शाळेत डिजिटल फळा बसला की पहिले काही दिवस वर्ग गजबजून जातो. मुलं रांगेने पुढे येतात, पडद्यावरची फळं टोपलीत ओढतात, टाळ्यांचा आवाज होतो. महिन्याभराने वह्या तपासायला घेतल्या की सत्तावीस सांगितल्यावर ७२ लिहिणारं मूल ७२च लिहीत असतं. गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांतल्या मराठी शाळांतल्या शिक्षकांशी बोलताना ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की ती सविस्तर लिहायलाच हवी असं वाटलं. दोष बहुतेक वेळा फळ्याचा नसतो, क्रमाचा असतो.

प्रशिक्षणात आपण अनुभव, भाषा, चित्र, चिन्ह अशा चार पायऱ्या शिकतो. डिजिटल फळा तिसऱ्या पायरीवरचा आहे. पडद्यावरची काडी ही काडीचं चित्रच असते, बोटाने हलली तरी. पहिल्या दोन पायऱ्या वगळून थेट तिसरीवर उडी मारली की मूल फळा चालवायला शिकतं, संख्या शिकत नाही. खालचे टप्पे पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा १: फळा कुठला आहे आणि कुठे आहे ते पाहा

शाळांत दोन प्रकारचे फळे दिसतात. एकात वर प्रोजेक्टर आणि खाली पांढरा स्पर्शफळा असतो, दुसरा म्हणजे मोठ्या टीव्हीसारखं पॅनेल. वापरताना दोघांच्या खोड्या वेगळ्या.

प्रोजेक्टरवाल्या फळ्याला लॅपटॉपपासून दोन जोडण्या लागतात: चित्रासाठी एचडीएमआय आणि स्पर्शासाठी यूएसबी. चित्र दिसतं पण बोट लावून काही हलत नाही, अशा वेळी आधी यूएसबीची वायर पाहा. प्रोजेक्टर जरासा जरी हलला तरी बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटते. मग कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या खुणांवर एकेक करून पेन टेकवायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते मुलं वर्गात येण्याआधी करा.

बहुतेक पॅनेलच्या चौकटीत अवरक्त किरण असतात. बोटाने ते अडले की स्पर्श नोंदला जातो. म्हणूनच सैल बाही, टेकलेला तळवा, चौकटीत साचलेली धूळ, एखादी मुंगीसुद्धा स्पर्श ठरू शकते. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर स्पर्श बिघडतो आणि मुलांना अंकही दिसत नाहीत. पडदा लावा किंवा पॅनेल खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर घ्या.

उंचीची चूक सगळीकडे दिसते. बसवणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर फळा लावून जातो. पहिलीतलं मूल साधारण ११० ते १२० सेंटिमीटर उंच असतं. फळ्याची खालची कड जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर असली तर त्याचा हात निम्म्या फळ्यापर्यंत पोचतो. फळा आधीच उंच बसला असेल तर फळ्याच्या पूर्ण रुंदीचा, न डळमळणारा, बुटका लाकडी चौथरा करून घ्या.

खबरदारी: खुर्ची किंवा बाक ओढून त्यावर मुलाला उभं करू नका. मूल चित्र ओढत बाजूला सरकतं आणि पाय कडेवरून सुटतो. ७५ इंची पॅनेलचं वजन ५० किलोच्या आसपास असतं. आपल्याकडच्या जुन्या इमारतींच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या असतात आणि चिरा सच्छिद्र असतो, त्यामुळे भिंतीत ठोकायच्या साध्या प्लगवर पॅनेल टांगायला देऊ नका. गवंड्याला भिंत दाखवा, नाहीतर चाकांचा स्टँड घ्या.

तपासा: शेवटच्या चटईवर मुलासारखे मांडी घालून बसा. तिथून अंक आणि एकेक काडी वेगळी दिसते का? नसेल दिसत तर चित्रं मोठी करा, संख्या कमी करा.

## टप्पा २: आदल्या दिवशीची तयारी

तासाला उभं राहून इंटरनेटवर चित्रं शोधणं म्हणजे तास घालवणं. जून ते सप्टेंबर वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून सगळं साहित्य लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवा. ओपनबोर्ड हा मोफत प्रोग्राम फळ्यावरच्या पानांसाठी पुरेसा आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली गणिताची सिम्युलेशन्सही मोफत आहेत, ती एकदा उतरवली की नेटशिवाय चालतात आणि अनेकांचं मराठी भाषांतर झालेलं आहे. पॅनेलला स्वतःचं व्हाइटबोर्ड अॅप असतं, तेही चालेल. तीन-चार प्रोग्राम शिकण्यापेक्षा एकच नीट शिका.

पान तयार करताना मी हे करते:

1. जे हलायला नको ते, म्हणजे दशक-एककाची उभी रेघ, चौकटी, शीर्षक, लॉक करून टाकते. नाहीतर मूल काडी उचलायला जातं आणि अख्खी चौकट हातात येते.
2. एका काडीच्या हव्या तितक्या प्रती निघतील अशी सोय प्रोग्राममध्ये असेल तर ती वापरते. नसेल तर लागतील तितक्या काड्या कडेला रचून ठेवते.
3. आवाज बंद करते. बरोबर उत्तराला टाळ्या आणि चुकीला भोंगा वाजत असेल तर मुलं विचार न करता टाळी मिळेपर्यंत एकामागून एक पर्याय दाबत जातात.
4. वस्तू योग्य जागी आपोआप चिकटण्याची सोयही बंद करते, कारण तिथे उत्तर फळाच देत असतो.
5. तेच पान कागदावर मोठं काढून ठेवते. वीज गेली तर धडा त्याच ओळीवरून पुढे चालतो.

अंकांकडे वेगळं लक्ष द्या. तयार साहित्यात बऱ्याचदा इंग्रजी अंक येतात आणि पुस्तकात देवनागरी असतात, किंवा उलट. सहा वर्षांच्या मुलाला हा मोठाच घोळ आहे: देवनागरी १ इंग्रजी नवासारखा दिसतो, देवनागरी ५ इंग्रजी चारासारखा, देवनागरी ४ इंग्रजी आठासारखा. वर्गाच्या पुस्तकात जे अंक आहेत तेच फळ्यावर ठेवा. एका तासात दोन्ही मिसळू नका.

अंक गिरवायला मात्र फळा वापरू नका. बोट आणि रेघ यांत किंचित अंतर पडतं, तळवा टेकला की भलतीच रेघ उमटते, आणि मुलाला वाटतं आपलं वळण चुकलं. गिरवायला पाटी किंवा वाळू बरी.

## टप्पा ३: आधी वस्तू हातात

तासाची पहिली दहा मिनिटं फळा काळा ठेवा. बंद करायची गरज नाही, पडदा झाकण्याची किंवा कोरा ठेवण्याची सोय असते ती वापरा. उजळलेला पडदा समोर असला की मुलांचे डोळे काड्यांवर ठरत नाहीत.

माडाच्या हिरांच्या सारख्या लांबीच्या काड्या आणि रबर बँड हे सगळ्यात चांगलं साहित्य. काड्यांची टोकं घासून बोथट करा. चिंचोकेही चालतात, पण त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही, म्हणून ते दहापर्यंतच्या मोजणीला ठेवा.

खबरदारी: मार्च-एप्रिलमध्ये मुलं घरून काजूच्या कच्च्या बिया आणतात. त्या मोजायला देऊ नका. सालातलं तेल त्वचेला आणि ओठांना भाजतं, आणि लहान मूल बी दाताखाली धरणारच.

प्रत्येक मुलाने स्वतः दहा काड्या मोजून गठ्ठा बांधायचा. तयार गठ्ठे वाटू नका. गठ्ठा बांधणं हेच दशक समजणं आहे. घरी कोंकणी बोलणारी मुलं 'धा' म्हणतील, म्हणू द्या. तुम्ही उत्तरात 'हो, दहा' म्हणा आणि पुढे चला. मोजण्याच्या मधोमध उच्चार सुधारायला थांबवलं की मोजणी तुटते.

तपासा: 'तेवीस दाखव' म्हटल्यावर मूल दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या उचलतं का? तेवीस सुट्या काड्या मोजत बसलं तर ते अजून फळ्यासाठी तयार नाही. आणखी एक दिवस काड्याच.

## टप्पा ४: संख्येचं नाव आणि संख्येचं चित्र

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर: सत्ता-वीस, पंच-वीस. लिहिताना मात्र दशक आधी येतो. मूल ऐकतं त्या क्रमाने लिहितं, सात आणि मग दोन. ७२ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं, ते आपल्या कानाशी प्रामाणिक असतं. म्हणून त्याला नुसतं 'नीट बघ' म्हणून उपयोग होत नाही.

फळ्यावर २० लिहिलेलं एक रुंद कार्ड आणि ७ लिहिलेलं एक अरुंद कार्ड करा. दशकाचा रंग एक, एककाचा दुसरा, आणि हे रंग वर्षभर बदलू नका. क्रम असा:

1. मुलं हातातल्या काड्यांनी सत्तावीस दाखवतात: दोन गठ्ठे, सात सुट्या.
2. एक मूल फळ्यावर तेच काढतं, गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे.
3. गठ्ठ्यांखाली २० चं कार्ड येतं. वर्ग म्हणतो, 'वीस'.
4. सुट्यांखाली ७ चं कार्ड येतं. वर्ग म्हणतो, 'सात'.
5. ७ चं कार्ड सरकवून २० मधल्या शून्यावर ठेवायचं. आता २७ दिसतं. वर्ग म्हणतो, 'वीस आणि सात, सत्तावीस'.
6. कार्ड पुन्हा बाजूला सरकवायचं. शून्य खाली होतंच, हे मुलांना दिसू द्या.

सहावी पायरी बहुतेकजण गाळतात, आणि तिथेच २७ मधला २ म्हणजे वीस हे निसटतं. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा बरीच चर्चा झाली होती. मला विचाराल तर शिकताना दोन्ही नावं जोडीने म्हणावीत. 'वीस सात' लिहायला मदत करतं, आणि 'सत्तावीस' तर बाजारात लागणारच आहे.

पुढचा अडथळा 'एकोण'चा. एकोणतीस ऐकलं की मुलाला तीस ऐकू येतं आणि ते ३ पासून लिहायला लागतं. फळ्यावर दहाच्या तीन चौकटी काढा, प्रत्येकी पाच घरांच्या दोन ओळी. तीसही घरं भरा आणि मग शेवटचा एक ठिपका ओढून बाहेर काढा. एक घर रिकामं दिसतं: तिसाला एक उणा. काड्यांत हे रिकामं घर दिसत नाही, फळ्यावर लख्ख दिसतं. १९, २९, ३९ पासून ८९ पर्यंत सगळ्या अशाच दाखवता येतात. ९९ मात्र नव्व्याण्णव, तो वेगळा सांगावा लागतो.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आसपास मी या चौकटीची माटोळी करते. गणपतीच्या वर टांगलेली माटोळीची लाकडी चौकट आणि तिला बांधलेली फळं मुलांनी घरी पाहिलेली असतात. दहा घरांत नारळ, तवशी, निरफणस, तोरिंग लटकवायचं आणि विचारायचं, 'दहाला अजून किती हवीत?' नेहमी गप्प बसणारी मुलंही इथे बोलतात.

तपासा: मुलांना १७ आणि ७१, ३५ आणि ५३ अशा जोड्या तोंडी सांगा आणि पाटीवर लिहायला सांगा. फळ्यावर काही दाखवू नका. वर्गातली चार-पाच मुलं अजून उलटं लिहीत असतील तर हातच्याकडे जाऊ नका.

## टप्पा ५: हातच्याची बेरीज

गणित: पाडेल्याने सकाळी २७ नारळ पाडले, दुपारी १५ पाडले. एकूण किती?

1. पाटीवर अंदाज. 'चाळीसहून जास्त की कमी?' प्रत्येकाने आधी लिहायचं. फळ्यावर अजून काही नाही.
2. काड्यांनी मांडणी. दोन गठ्ठे सात सुट्या, त्याखाली एक गठ्ठा पाच सुट्या.
3. तीच मांडणी फळ्यावर, रेघेच्या डावीकडे दशक, उजवीकडे एकक.
4. एककाच्या घरात दहाची रिकामी चौकट ठेवा. सात सुट्या तीत घाला. 'किती घरं रिकामी?' तीन. पाचातल्या तीन काड्या आत ओढा. चौकट भरली, बाहेर दोन उरल्या.
5. आता त्या दहा काड्या एकत्र निवडून त्यांचा एक गट करा आणि तो अख्खा गट रेघ ओलांडून दशकाच्या घरात न्या.
6. गट रेघ ओलांडतो त्याच क्षणी दशकाच्या वर हातचा १ लिहा. आधी नाही, नंतर नाही.
7. डावीकडे चार दहा, उजवीकडे दोन. ४२.

पाचव्या पायरीवर एक सोयीची पण घातक पद्धत दिसते: दहा काड्या पुसायच्या आणि त्याजागी तयार गठ्ठ्याचं चित्र आणायचं. मोठ्यांना कळतं की ही अदलाबदल आहे. मुलाला दहा काड्या नाहीशा झाल्या आणि कुठून तरी एक नवी वस्तू आली असं दिसतं. मग हातचा हाही कुठून तरी आलेला आकडा होतो, आणि तो द्यायला विसरणं साहजिकच आहे. त्यामुळे काहीही पुसू नका. त्याच दहा काड्या सरकल्या पाहिजेत. सरकण्याआधी आणि नंतर विचारा, 'एकूण किती आहेत?' उत्तर दोन्ही वेळा बेचाळीस यायला हवं.

दुसरी चूक उत्तरातली. काही मुलं ३१२ लिहितात: दोन आणि एक तीन, सात आणि पाच बारा. ते पुसून टाकू नका. फळ्यावर ३१२ ठेवा आणि पाटीवरच्या अंदाजाशी ताडायला सांगा. 'पाडेल्याने तीनशे बारा नारळ पाडले का?' मुलं स्वतःच नाही म्हणतात आणि चूक शोधायला लागतात.

वजाबाकीला हेच पान उलटं चालवा. ४२ मधून १५ काढायचे तर डावीकडचा एक गट रेघ ओलांडून परत आणायचा आणि सुटा करायचा. बेरीज निदान आठवडाभर मुरल्याशिवाय याला हात घालू नका.

## टप्पा ६: संख्यारेषा

शंभरपर्यंतची रेषा फळ्यावर लांबलचक काढता येते, हा फायदा घ्या. गोव्यातल्या तालुक्यांची नावं इथे कामी येतात. परंपरेने सांगतात त्याप्रमाणे बारदेश म्हणजे बारा, तिसवाडी म्हणजे तीस, साष्टी म्हणजे सहासष्ट, सत्तरी म्हणजे सत्तर. १२, ३०, ६६, ७० ही चार कार्डं मुलांना रेषेवर लावायला सांगा. ६६ आणि ७० यांच्यात किती जागा सोडायची यावर खरी चर्चा होते. रेषेवर सुरुवातीला फक्त ० आणि १०० लिहा. सगळे दशक आधीच छापलेले असतील तर मुलाला विचार करायला काही उरत नाही.

## टप्पा ७: फळ्यावर कोण, बाकीचे काय करतात

पंचवीस मुलं एकेक करून फळ्यावर आली तर चोवीस मुलं सतत रिकामी बसतात. माझा नियम असा: जे फळ्यावर होईल ते त्याच वेळी प्रत्येकाच्या पाटीवर किंवा काड्यांत व्हायला हवं. फळ्यावरचं मूल एकच पायरी करून परत जातं. नावं चिठ्ठीने काढा, नाहीतर तीच चार चुणचुणीत मुलं रोज पुढे येतात.

दुसरा नियम: आधी सांग, मग हात लाव. 'बाई, मी तीन काड्या आत घेणार, कारण तीन घरं रिकामी आहेत.' हे वाक्य आल्याशिवाय बोट फळ्याला लागत नाही. सुरुवातीला वेळ लागतो, पण हा नियम मोडू नका. बोटाने अंदाज मारत जाणं यानेच थांबतं.

एकशिक्षकी शाळेत पहिली आणि तिसरी एकाच खोलीत असतात. फळा चालू असला की तिसरीचं लक्ष उडतं. फळ्याचे दोन भाग करण्यापेक्षा वेळेचे दोन भाग करा: पंधरा मिनिटं पहिलीची, तेव्हा तिसरीची मुलं पाठ करून बसलेली आणि वहीत गणितं सोडवत असलेली. मग उलट.

खबरदारी: प्रोजेक्टर असेल तर मुलाला बाजूने उभं राहायला शिकवा. समोर उभं राहिलं की सावली पडते, आणि मागे वळून पाहिलं की प्रकाश थेट डोळ्यांत जातो.

## टप्पा ८: फळा बंद, वही उघडी

शेवटची दहा मिनिटं पडदा पुन्हा काळा. वहीत तीनच गणितं: एक फळ्यावर झालं त्यासारखं, एक बिनहातच्याचं, आणि एक चित्र काढून दाखवायचं. बिनहातच्याचं मुद्दाम द्या. सरसकट सगळीकडे हातचा देणारी मुलं त्यात सापडतात.

फळ्याचं आवरणंही रोजचंच. पुसायला आधी बंद करा, मऊ कोरडं फडकं घ्या, पाणी फवारू नका. साध्या पांढऱ्या फळ्याचा मार्कर जवळपासही ठेवू नका, चुकून वापरला गेला की डाग बसतो. पावसाळ्यात फळा वापरायचा नसला तरी रोज अर्धा तास चालू ठेवा म्हणजे आत ओल धरत नाही. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडायला लागलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग आणि नेटची वायर दोन्ही काढा. एका शाळेत आम्ही एवढंच विसरलो आणि पुढचं अख्खं सत्र फळ्याविना काढलं.

पान मात्र न पुसता तारीख घालून साठवा. संध्याकाळी वह्या पाहताना वर्गात सगळ्यात जास्त झालेली चूक कुठली ते त्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, मुलाचं नाव न घालता. दुसऱ्या दिवशी काड्या वाटून झाल्या की तेच पान उघडा आणि विचारा, 'काल कोणीतरी इथे ३१२ लिहिलं होतं. त्याने काय विचार केला असेल?'